नकाराचे गुण

बारा वर्षांची झाले त्या मे महिन्यात
आइताने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला,
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला,
"गाराझी, आज तुझं नाव रांगेत लावू."

रांग तर कुठेच दिसत नव्हती.
खिडकीबाहेर बर्न्सकडे जाणारा रस्ता,
कुंपणाच्या तारेला अडकलेलं एक वाळकं झुडूप,
आणि घरात डिझेलचा वास,
जो बापाने तीनदा हात धुतले तरी
बापाआधी घरात शिरतो.

जन्मतारीख. डोंगराचा क्रमांक. थोडे डॉलर.
जूनमध्ये उत्तर आलं: टॅग नाही.
त्याच्याखाली बारीक अक्षरांत:
एक गुण जमा.

शाळेत उत्तर बरोबर आलं की गुण.
इथे सगळंच उलटं,
दारातून परत पाठवतात
आणि परत पाठवल्याची पावती
जपून ठेव म्हणतात.

दुसऱ्या वर्षी दोन. तिसऱ्या वर्षी तीन.
दातांच्या तारा निघाल्या.
नारिंगी बंडी आखूड झाली, मग दुसरी घेतली, तीही झाली.
बंदुकीचं तोंड कधी कुणाकडे करायचं नाही
हे इतकं अंगात मुरलं
की मी झाडूसुद्धा जमिनीकडे धरून चालायची.
शेजारच्या आर्लोने कंटाळून नाद सोडला,
गिटार घेतली.
मी चारवर होते. चारला मिळतो, सगळे म्हणायचे.

मग तो हिवाळा.
बर्फावर पाऊस, पावसावर पुन्हा बर्फ,
गवत खाली, काचेखाली ठेवल्यासारखं,
आणि वरून खूर घसरतायत.
एप्रिलमध्ये जॉर्डन व्हॅलीच्या रस्त्यावर
आम्ही गाडीतून मोजायला लागलो,
एकोणीसवर आइता म्हणाला, पुरे.

टॅग निम्म्यावर आले.
चारचं दार सातवर गेलं.
रागवायचं कुणावर?
ज्यांच्यासाठी रांग, तीच आधी संपली होती.

आइताकडे दहा होते.
दहा वर्षं त्याने काहीच मागितलं नव्हतं,
नुसते गुण घेत राहिला,
स्टीन्सच्या त्या वरच्या कड्यासाठी
जिथे त्याचा बाप मेंढ्यांमागे फिरला
आणि एकटेपणाला कंटाळून
अस्पेनच्या सालीवर नाव कोरत बसला.

"दोघांचा एकच अर्ज करू," तो म्हणाला.
"एकत्र अर्जाची ते सरासरी काढतात."
दहा अधिक चार. भागिले दोन.
मी वहीत मांडलं, पुन्हा मांडलं.
"तुझे तीन वाया जातात."
"वाया कुठे? टेबलाच्या या बाजूने त्या बाजूला."
आणि कॉफी ओतायला उठला,
विषय संपला.

ऑक्टोबर. दोन टॅग.
आजोबाचं झाड सापडलं.
खोड जाड होत गेलं तशी अक्षरंही रुंदावली होती,
नाव वाचता येईना,
कुणीतरी होतं एवढंच वाचता येत होतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे, जुनिपरच्या कडेला,
गाढवाएवढ्या कानांचा एक नर
आमच्याकडे बघत उभा.
शेजारी आइताची बंदूक मांडीवर आडवी, तशीच.
मी श्वास सोडला, अर्धा ठेवला.

एकच आवाज.
दरी तो बराच वेळ परत करत राहिली.

मग कामच काम. सुरी, दोर, गुडघ्यापर्यंत रक्त,
पोटातून निघणारी वाफ,
आणि मला आलेलं रडू, जे थंडीने आलं
असं आम्ही दोघांनी ठरवलं.
त्याचा टॅग खिशात कोरा राहिला.
गुडघा दुखतोय, म्हणाला.
उतरताना मात्र मांडीचा भाग त्यानेच उचलला.

आता खात्यात शून्य. त्याच्याही शून्य.
पुढच्या मे महिन्यात तो पुन्हा एकपासून लागेल,
एकावन्नाव्या वर्षी, पोरांसारखा.

फ्रीजरमधल्या पाकिटांवर
लोक तारीख लिहितात.
आमच्या प्रत्येक पाकिटावर
आइताच्या तिरक्या अक्षरात
फक्त सात.

मार्चपर्यंत पुरलं.